हे चित्रात कुठे दिसतं?

पहिला निबंध परत आला तेव्हा त्यावर गुण नव्हते. समासात पेन्सिलीने सात ठिकाणी एकच वाक्य लिहिलेलं होतं : "हे चित्रात कुठे दिसतं?"

चित्रांचं रसग्रहण शिकवणाऱ्या एका संध्याकाळच्या वर्गाला मी जायला लागलो होतो. मला स्वतःला सरळ रेघ ओढता येत नाही. वर्गातले बहुतेक जण माझ्यासारखेच, चित्रं बघायला आवडतात पण चित्रापुढे उभं राहिलं की 'छान आहे' याच्या पुढे गाडी जात नाही अशातले. पहिलं काम होतं, कुठलंही एक चित्र निवडा आणि त्याचा अर्थ दोन पानांत लिहा.

मी यान व्हॅन आयक या चित्रकाराचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र घेतलं. खरं कारण सांगायचं तर त्यावर लिहिणं सोपं वाटलं. खोलीभर वस्तू, आणि प्रत्येक वस्तूचा अर्थ कुठे ना कुठे वाचलेला. कुत्रा म्हणजे निष्ठा. झुंबरातली एकच पेटलेली मेणबत्ती म्हणजे सर्वसाक्षी परमेश्वर. बाजूला काढून ठेवलेल्या लाकडी खडावा म्हणजे पवित्र जागा. खिडकीतली संत्री म्हणजे सुबत्ता. त्या स्त्रीने पोटाशी धरलेला झग्याचा घोळ म्हणजे गर्भारपण. तासाभरात दोन पानं भरली आणि मी स्वतःवर खूश झालो.

वर्ग सुटल्यावर बाईंनी थांबवलं.

"सगळ्या चित्रांतले कुत्रे निष्ठावान असतात का हो?"

"बहुधा असतात."

"मग व्हॅन आयकने याचा केस न् केस का रंगवला असेल? नुसत्या कुत्र्याच्या आकारावर भागलं असतं की. बरं, ते राहू दे. हा कुत्रा कुठे बघतोय?"

मला सांगता येईना. ज्या कुत्र्यावर मी पाच ओळी लिहिल्या होत्या, तो कुठे बघतो हे मी पाहिलंच नव्हतं. तो सरळ आपल्याकडे बघतो. नवऱ्याची नजर भलतीकडे, बायकोची नवऱ्याकडे, आणि आपली दखल घेणारा तो एवढुसा प्राणी एकटा. हे कळायला ना इतिहास लागत होता ना प्रतीकांचा कोश. डोळे लागत होते.

नंतर शोधलं तेव्हा आणखी ओशाळलो. माझी यादी माझी नव्हतीच. १९३४ साली एर्विन पॅनॉफ्स्की या कला-इतिहासकाराने मांडलं होतं की हे चित्र लग्नाचा जणू दस्तऐवज आहे आणि त्यातल्या साध्या दिसणाऱ्या वस्तूंमध्ये प्रतीकं दडलेली आहेत. तेच मत शंभर हातांतून झिरपत माझ्यापर्यंत आलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर शंका घेतल्या. गर्भारपणाचं तर काही खरंच नाही. झग्याचं भरपूर कापड पोटाशी गोळा करून धरणं ही तेव्हाची वेशभूषेची रीत होती, आणि कुमारी संत म्हणून पूजल्या जाणाऱ्या स्त्रियाही त्या काळच्या चित्रांत तशाच दिसतात.

पुढच्या वर्गात बाईंनी फर्मान काढलं. दोन आठवडे 'म्हणजे' हा शब्द वापरायचा नाही. लिहिताना नाही, बोलतानाही नाही. फक्त 'आहे' आणि 'दिसतं'.

करून बघा. मराठी माणसाला 'म्हणजे' सोडून बोलणं म्हणजे (बघा, आलाच!) हात बांधून पोहण्यासारखं आहे.

या वेळी मी पीटर ब्रूगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या नावावर असलेलं, इकारसच्या (ग्रीक पुराणकथेतला, पंख लावून उडताना समुद्रात पडलेला मुलगा) पतनाचं निसर्गचित्र निवडलं. ते ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे. मूळ चित्र मी पाहिलेलं नाही, संग्रहालयाने दिलेली मोठी प्रतिमा स्क्रीनवर उघडून बसायचो. निवडीमागे एकच कारण, नाव वाचून मी चित्रात इकारस शोधायला लागलो आणि तो मला सापडेना.

अर्धा तास बसायचं, दिसेल ते लिहायचं, असा नियम. पहिल्या सहा-सात मिनिटांत सगळं बघून झालं असं वाटलं. पुढे शेत, त्यात घोड्यामागे नांगर धरून चाललेला माणूस, त्याचा लाल सदरा. त्याच्या खालच्या अंगाला काठीवर रेललेला मेंढपाळ, कुत्रा, मेंढ्या. मग हिरवट निळा समुद्र, शिडं फुगलेलं जहाज, लांब डोंगर, क्षितिजावर टेकलेला सूर्य. उजवीकडे खाली पाठमोरा बसलेला मच्छीमार. आणि जहाज आणि किनारा यांच्यामध्ये पाण्यातून वर आलेले दोन पाय. सापडला इकारस.

पंधराव्या मिनिटाला कंटाळा आला, आणि तेव्हाच काहीतरी सुरू झालं. नांगराचे तास बघत होतो. ते शेताच्या उताराला धरून असे वळत गेलेत की नजर त्यांच्यावरून घसरते. पुढे नांगऱ्याच्या कपड्यांच्या चुण्या बघितल्या, तर त्याही तासांसारख्याच, एकामागे एक, सरळ खाली उतरणाऱ्या. जणू त्या माणसाच्या अंगावरूनही कोणी नांगर फिरवलाय. हे मी लिहिलं आणि पुढे काय लिहावं कळेना, कारण 'म्हणजे'ला बंदी होती. तसंच ठेवून दिलं.

बाईंच्या काही युक्त्या होत्या. डोळे बारीक करून बघा, बारकावे पुसले जातात आणि फक्त उजेड-अंधाराचे ढीग उरतात. मी बघितलं. लाल सदरा उरला, समुद्राचा एक फिकट पट्टा उरला. पाय गेले, अगदी पार गेले. दुसरी युक्ती अंगठ्याची. चित्रातली एकेक गोष्ट अंगठ्याने झाकायची आणि उरलेलं चित्र कसं वागतं ते बघायचं. नांगऱ्याला झाकलं तर चित्र विसविशीत झालं, नजर कुठे थांबेना, भरकटत जहाजाकडे गेली. जहाज झाकलं तर उजवी बाजू हलकी पडून सगळं डावीकडे कललं.

पाय झाकले. काहीच झालं नाही.

मी दोन-तीनदा करून पाहिलं. ज्याचं नाव चित्राला आहे त्याला काढून टाकलं तरी रचनेला धक्का लागत नव्हता. त्या दोन आठवड्यांत मला सापडलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती अंगठ्याने सापडली.

वर्गात बाईंनी फळ्यावर चित्राची सहा अंगं लिहून दिली होती : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत ती एका श्लोकात येतात. ती पाठ करून चित्र कळत नाही, पण अडलेल्या वेळी एकेक नाव घेऊन चित्रावर नजर फिरवायला चांगली पडतात. मी 'प्रमाण'पाशी अडलो. स्क्रीनवर सगळी चित्रं सारख्याच मापाची, माझ्या लॅपटॉपच्या मापाची. या चित्राचं खरं माप साधारण ७३.५ बाय ११२ सेंटिमीटर. एका रात्री मी भिंतीवर चिकटपट्टीने त्या मापाचा चौकोन आखला आणि प्रतिमेवरून हिशेब करून प्रत्येकाची जागा पेन्सिलीने खूण केली. नांगऱ्याची उंची हातभर नाही, पण एका नजरेत भरणारी आली. पायांची खूण माझ्या अंगठ्याखाली जवळजवळ झाकली गेली. घरातल्यांनी हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, "इथे एक माणूस बुडतोय." त्यांनी जवळ येऊन विचारलं, "कुठे?"

मला त्या 'कुठे'चा फार आनंद झाला.

बंदी उठायच्या आधीच्या आठवड्यात बाईंनी एक मोगल लघुचित्र आणलं. बिचित्र या चित्रकाराचं, १६१५ ते १६१८ च्या सुमाराचं. जहांगीर बादशहा वाळूच्या घड्याळावर बसलाय, डोक्यामागे सूर्य-चंद्राचं भलंमोठं तेजोवलय, आणि तो एका पांढऱ्या दाढीच्या सुफी शेखाला पुस्तक देतोय. शेखाच्या खाली तुर्कांचा सुलतान, त्याच्या खाली युरोपी पोशाखातला एक माणूस, सगळ्यांत खाली हातात छोटं चित्र धरलेला आणखी एक. कोण वर, कोण खाली, बादशहा कोणाकडे वळलाय, हे न वाचताही दिसतं. पण तो तिसरा इंग्लंडचा राजा पहिला जेम्स आहे आणि चौथा खुद्द बिचित्र आहे, हे नुसतं बघून जन्मात कळणार नाही. ते माहीत असावं लागतं. प्रतीकांवर बाईंचा राग नव्हता तर. वाळूचं घड्याळ काळासाठीच आहे, त्यात वाद नाही. फक्त डोळ्यांनी मिळालेलं काय आणि बाहेरून आणलेलं काय, हे लिहिताना मिसळायचं नाही, आणि बाहेरचं नंतर आणायचं. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'दिसतं', उजवीकडे 'कळलं'. ती सवय अजून आहे.

बंदी उठली आणि मी ओव्हिड हा प्राचीन रोमन कवी वाचायला घेतला. इकारसची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते : बाप डिडॅलस, मेणाचे पंख, सूर्याच्या फार जवळ जाणं. पण मूळ काव्यात, आठव्या सर्गात, एक जागा आहे. उडणाऱ्या बापलेकांना तिघे जण बघतात. गळ टाकून बसलेला कोळी, काठीवर रेललेला मेंढपाळ आणि नांगराला टेकलेला शेतकरी. तिघे थक्क होतात, त्यांना हे देवच वाटतात. चित्रकाराने तिघेही घेतले, मेंढपाळाची काठीसुद्धा घेतली, फक्त त्यांचं बघणं काढून घेतलं. एकही जण इकारसकडे बघत नाही. चित्राचा अर्थ मला पहिल्यांदा जाणवला तो इथे, डाव्या आणि उजव्या रकान्याच्या मधल्या रेघेवर. नुसत्या गोष्टीत तो नव्हता आणि नुसत्या चित्रातही नव्हता.

मग एकेक गोष्ट जागची हलायला लागली. मच्छीमाराजवळ फांदीवर एक तित्तिर आहे. ओव्हिडमध्ये त्याचीही गोष्ट आहे. डिडॅलसने हुशार भाच्याचा मत्सर करून त्याला उंचावरून ढकललं होतं, त्याचा तित्तिर झाला, आणि इकारसच्या दफनाच्या वेळी तो पंख फडफडवून आनंद व्यक्त करतो. म्हणजे चित्रातला एकमेव जाणता साक्षीदार हा पक्षी. चौथ्या बैठकीला डावीकडच्या झुडपात एक फिकट गोल दिसला. आधी दगड वाटला. मोठा करून पाहिलं तर माणसाचं डोकं होतं, कोणाचंतरी प्रेत. मरणाऱ्या माणसासाठी नांगर थांबत नाही, अशा अर्थाची म्हण ब्रूगेलच्या मुलखात होती. आणि सूर्य! पंख वितळवणारा सूर्य चित्रात क्षितिजाला टेकलेला आहे. इतका वेळ हा मुलगा पडतच होता की काय?

एक कल्पना मी स्वतःच मारली. चित्र उंचावरून पाहिलेलं आहे, क्षितिज बरंच वर आहे, तेव्हा आपण आकाशात, डिडॅलसच्या जागी आहोत असं मला वाटून गेलं. लिहायला फार छान होतं. पण ब्रूगेलची इतर निसर्गचित्रं काढून बघितली तर तिथेही तसंच, उंचावरून खाली पसरलेलं जग. त्या काळी तिकडची निसर्गचित्रं अशीच रचायची पद्धत होती. जी गोष्ट सगळ्याच चित्रांत आहे तिच्यावर या एकाच चित्राचा अर्थ कसा उभा करणार? खोडलं.

दुसरी कल्पना मात्र मी मारली नाही, ती माझ्या अंगावर कोसळली. मेंढपाळ मान वर करून आकाशाकडे बघतो, आणि आकाशात काही नाही. यावर मी पाऊण पान लिहिलं होतं. मागे माणूस बुडतोय आणि हा रिकाम्या आभाळात देव शोधतोय, वगैरे. माझ्या मते निबंधातला तोच सर्वोत्तम भाग होता. बाईंनी काही न बोलता दुसरी एक प्रतिमा दाखवली. याच चित्राची आणखी एक आवृत्ती ब्रसेल्सच्याच व्हॅन बूरेन संग्रहालयात आहे. तीच रचना, तोच नांगर, तेच पाय. आणि वर आकाशात उडणारा डिडॅलस. मेंढपाळ त्याच्याकडे बघतोय.

वर ताण म्हणजे ज्या चित्रावर मी महिना घालवला, तेही ब्रूगेलच्या हातचं नसावं. तांत्रिक तपासण्यांनंतर आता बरेच तज्ज्ञ ते हरवलेल्या मूळ चित्राची चांगली जुनी प्रत मानतात. कदाचित मूळ चित्रात डिडॅलस होता आणि प्रत करणाऱ्याने गाळला. मग माझं रिकामं आभाळ कोणाचं? चित्रकाराचं, नकलाकाराचं, की निव्वळ निष्काळजीपणाचं?

मी चिडलो होतो. बाई म्हणाल्या, "तुमच्या वाक्याचा कर्ता बदला. 'ब्रूगेलला असं सांगायचं आहे' असं तुम्ही सहा वेळा लिहिलंय. ब्रूगेलने तुम्हाला सांगितलं का?" मी 'ब्रूगेल' काढून 'हे चित्र' घातलं आणि आश्चर्य म्हणजे निम्मी वाक्यं तरली. या चित्रात आभाळ रिकामं आहे, हे खरंच. मेंढपाळाची पाठ पायांकडे आहे, हेही खरंच. तो देव शोधतोय, हे मात्र माझं होतं. ते गेलं.

वर्गातल्या एका मैत्रिणीवर याहून वाईट पाळी आली, अर्थात वर्ग संपून बरेच दिवस झाल्यावर. तिने व्हर्मियर या डच चित्रकाराच्या, खिडकीपाशी पत्र वाचणाऱ्या मुलीच्या चित्रावर लिहिलं होतं. त्या मुलीमागच्या मोठ्या, मोकळ्या भिंतीवर. भिंतीतल्या शांततेवर. २०२१ मध्ये ड्रेस्डेनच्या संग्रहालयाने ते चित्र जीर्णोद्धार करून पुन्हा लोकांपुढे ठेवलं. भिंत मोकळी नव्हतीच. तिच्यावर कामदेवाचं मोठं चित्र टांगलेलं होतं आणि ते व्हर्मियरच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच कोणीतरी रंगाखाली गाडलं होतं. खाली काहीतरी आहे हे क्ष-किरणांमुळे १९७९ पासून ठाऊक होतं, पण व्हर्मियरनेच ते पुसलं असावं असा समज होता. मी तिला फोन केला. मला वाटलं ती खचली असेल. ती म्हणाली, "भिंत शांत होतीच रे. फक्त ती व्हर्मियरची नव्हती." तिचा निबंध तिने बदललेला नाही, खाली चार ओळींची टीप जोडली आहे. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. मुलगी आता वेगळं पत्र वाचतेय असंच मला दिसतं.

माझा इकारसवरचा शेवटचा निबंध साडेतीन पानांचा झाला. 'म्हणजे' दोनच ठिकाणी राहिला. बाईंनी परत दिला तेव्हा समास जवळजवळ कोरा होता. फक्त दुसऱ्या पानावर, 'तिघेही उदासीन आहेत' या वाक्यातल्या 'उदासीन' या शब्दाखाली रेघ होती आणि बाजूला तोच प्रश्न, थोडक्यात : "कुठे?"

मी पुन्हा प्रतिमा उघडली. उदासीन म्हणायचं तर आधी त्यांना कळायला हवं आणि मग त्यांनी दुर्लक्ष करायला हवं. नांगऱ्याची नजर पुढच्या तासावर खिळलेली. त्याला काही कळल्याचं चित्रात कुठेच दिसत नाही. मेंढपाळ पाठमोरा, त्यालाही नाही. त्या दोघांच्या नावापुढचा 'उदासीन' मी खोडला. मच्छीमार मात्र पाण्याच्या अगदी काठाशी आहे, पायांपासून सगळ्यांत जवळ, आणि त्याने एक हात पुढे केलेला आहे. गळासाठी असेल. आपल्याकडे पाठ असल्यामुळे चेहरा दिसत नाही. त्याच्याविषयीची जागा मी डाव्या रकान्यात भरली आहे, उजवा अजून रिकामा आहे.